भागोजीबाबांचा उजवा तळहात

मिरजोळ्याच्या एमआयडीसीपासून आत, एसटीनं अर्ध्या तासावर असलेल्या त्या वाडीत भागोजींना सगळे दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक त्यांचा मृदंग. शिमग्यात नमनाचा खेळ उभा राहिला की मृदंगावर भागोजीच हवेत, हे ठरलेलं. आणि दुसरी म्हणजे वेणी. सत्तरीला टेकलेला, उभा जन्म भातशेतीत घातलेला हा माणूस रोज सकाळी पडवीत बसून नातीच्या दोन वेण्या घालायचा. त्या अशा घट्ट आणि सारख्या यायच्या, की वाडीतल्या बायका आपल्या पोरींना म्हणायच्या, "जा, भागोजीआजोबांकडून घालून घे."

ही विद्या त्यांना हौसेनं आलेली नव्हती. त्यांची बायको हौसा गेली तेव्हा नात मनस्वी अजून रांगत होती. मुलगा अनिल मुंबईला एका कुरियरच्या गोदामात, आणि सून सुगंधा एमआयडीसीतल्या काजूच्या कारखान्यात. सकाळची गाडी गाठायची तर सुगंधाला उजाडतानाच घर सोडावं लागे. मग पोरीचं न्हाणं-माखणं, खाणं, निजवणं सगळं भागोजींकडे आलं. पहिल्या पहिल्यांदा वेणी सुटायची, भांग तिरका जायचा. शाळेतून मनस्वी रडत आली की ते म्हणायचे, "थांब बाय, उद्या बरोबर घालतो," आणि संध्याकाळी सुंभाच्या तीन पेडांवर हात बसवायचे. सुगंधानं हे एकदा आडून पाहिलं होतं. सासऱ्या-सुनेत होतं तेवढंही बोलणं त्या दोघांत फारसं नव्हतं, पण त्या दिवसापासून तिनं मनातल्या मनात त्यांना बापाच्या जागी बसवलं.

भागोजींचे पाय मात्र बघवत नसत. लावणीला उतरले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. कातडी भिजून पांढरी व्हायची, सालासारखी सुटायची, खाली लाल मांस दिसायचं. ते चुलीपाशी पाय शेकत बसायचे आणि कोकमाचं तेल चोपडायचे. पाऊस सरला की बरं वाटायचं. पायांची नखं जाड, पिवळी, बैलाच्या शिंगासारखी झालेली. ती ते कोयतीच्या टोकानं तासायचे. आणि उजवा तळहात कोरडा, त्याच्या रेषारेषांत पांढरी भुकटी, भाकरी थापून हात नीट न धुतल्यासारखी. डावा तळहात साफ होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मृदंगाच्या शाईनं खाल्लाय." ह्या सगळ्याला कोणी रोग म्हणत नव्हतं. शेतकऱ्याचे पाय आणि वाजवणाऱ्याचा हात असेच असायचे, ह्यापलीकडे कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

त्या वर्षी अनिल गणपतीला घरी आला तेव्हा सारखा कमरेपाशी खाजवत होता. मुंबईत एका खोलीत आठ जण राहायचे, एकाच दोरीवर सगळ्यांचे टॉवेल. सुगंधानं विचारलं तर त्यानं शर्ट वर करून दाखवलं. चड्डीच्या नाडीच्या रेघेवर लाल चकंदळं, कडेला बारीक पुरळ, मध्ये कातडी जवळजवळ बरी झालेली.

"गजकर्ण हाय. सगळ्यांनाच हाय तिथं," तो हसत म्हणाला. "ही ट्यूब लाव, चार दिवसांत गायब. मेडिकलवाला देतो."

गौरी गेल्या, अनिल मुंबईला परतला आणि ट्यूब घरात राहिली. थोड्याच दिवसांत सुगंधाच्या पोटावर एक लाल ठिपका आला. तिला वाटलं, काजूचं तेल उतून कातडी पोळली असेल. कारखान्यात बायकांच्या हातांना ते उततच असतं. ठिपक्याचं कडं झालं तेव्हा तिनं ट्यूब लावली. खाज खरोखरच थांबली, लाली फिकी पडली. ट्यूब बंद केली तसं ते परत आलं, आधीच्यापेक्षा मोठं, आणि कड्याच्या आत दुसरं कडं. पुन्हा ट्यूब लावली. पुढे पुढे कडंच दिसेनासं झालं. नुसता तांबूस, पसरट डाग मांडीपर्यंत उतरला. गजकर्णासारखं ते आता दिसतच नव्हतं, म्हणून तिनं ते गजकर्ण नाही असं ठरवून टाकलं. दाखवणार तरी कोणाला? जागाच अशी होती, की बाईनं ती झाकावी आणि गप्प बसावं.

दसऱ्यानंतर मनस्वीच्या डोक्यात, भांगाच्या डाव्या बाजूला, एक भुरकट चट्टा दिसला. केस मुळाशी तुटलेले, खुंट राहिलेले. वाडीतला महिपत झाडपाल्याचं औषध द्यायचा. तो म्हणाला, "चाई पडली, दुसरं काय." त्यानं कसलासा पाला वाटून घासायला दिला. आठवड्याभरात चट्ट्याच्या जागी सूज आली आणि बघता बघता ती लिंबाएवढी झाली. हाताला मऊ, दलदलीसारखी लागायची. जागोजागी बारीक भोकांतून पू यायचा आणि त्या पुवाबरोबर केस न दुखता अलगद हातात यायचे. पोरीला ताप भरला. मानेत गाठी आल्या. महिपत म्हणाला, गळू आहे, चिरायला हवं. बाजारातल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं आणि ते पिकेपर्यंत म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही.

"पोरीच्या डोक्याला सुरी लावायची नाय," भागोजी एवढंच म्हणाले, आणि त्या बाबतीत त्यांनी कोणाचं ऐकलं नाही.

शाळेत बाईंनी सुगंधाला बोलावून सांगितलं, बरं होईपर्यंत हिला घरीच ठेवा, बाकीचे पालक बोलतात. मनस्वी दिवसभर डोक्याला ओढणी गुंडाळून पडवीत बसायची. सुगंधानं हात लावला तरी किंचाळायची. फक्त आबांना, म्हणजे आजोबांना, लावू द्यायची. भागोजी कोमट पाण्यात कापूस बुडवून खपल्या भिजवायचे, एकेक केस सोडवायचे आणि तोंडानं नमनातलं काहीतरी गुणगुणत राहायचे.

काजूच्या कारखान्यात गोदा नावाची बाई सुगंधाच्या शेजारी बसायची. तिला सगळं सांगितल्यावर गोदानं सोलता सोलता विचारलं, "घरात कोणाच्या हाताला नायटा नाय ना? नायटा असलेल्या हातानं तेल चोळलं की तो डोक्यात उतरतो गो."

सुगंधाचा हात थांबला. भुकटी भरलेला तो उजवा तळहात तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. रोज सकाळी तेल घेऊन पोरीच्या डोक्यावर फिरणारा. एसटीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत तिच्या मनात दुसरं काही आलं नाही.

ती घरापुढच्या खळ्यात शिरली तेव्हा मनस्वी आबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि भागोजींचा उजवा हात तिच्या केसांतून हळूहळू फिरत होता.

"बाबा, हात काढा!"

भागोजींनी दचकून वर पाहिलं.

"तुमच्या ह्या हातानंच पोरीच्या डोक्याची माती झाली," सुगंधा ओरडली. "बघा तो हात. बघा कसा झालाय तो! पुन्हा तिला लावू नका."

मनस्वी रडायला लागली. भागोजींनी तिचं डोकं मांडीवरून उचलून वाकळेवर ठेवलं, डाव्या हातानं. मग त्यांनी उजवा तळहात समोर धरला आणि कोणीतरी तिथं विसरून गेलेली वस्तू बघावी तसे त्याच्याकडे बघत राहिले. उठले, विहिरीवर गेले आणि बराच वेळ हात घासत बसले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपली घोंगडी गोठ्याच्या पडवीत नेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सुगंधानं वाढलं, ते त्यांनी तिथंच बसून खाल्लं. तिला वाटलं, बरंच झालं, निदान पोर तरी सुटली. दुसऱ्या दिवशी राग उतरला तेव्हा वाटलं, बोलावं, बाबा आत या म्हणावं. पण कामाची घाई होती. तिसऱ्या दिवशी ते शब्द आणखी जड झाले. तोंडातून गेलेलं बोलणं परत घ्यायला जेवढा उशीर होतो, तेवढं ते अवघड होत जातं. सुगंधाचं तसं झालं.

अखेर गोदाच्याच सांगण्यावरून तिनं रजा टाकली आणि मनस्वीला घेऊन रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात गेली. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी ओढणी सोडवली, डोकं उजेडात धरलं, दोन केस चिमट्यानं ओढले आणि खपली खरवडून काचेवर घेतली. थेंब टाकून ती काच यंत्राखाली पाहिली. मग म्हणाल्या, "हे गळू नाही. चिरलं नाहीत ते फार बरं केलंत. ही बुरशी आहे. पापडाला लागते ना, तशी. फक्त ही कातडीवर, केसांत आणि नखांत जगते."

"म्हंजे नायटा?"

"तोच. घरात गाईगुरं आहेत?"

"गाय हाय, तिची एक पाडी हाय."

"पाडीच्या अंगावर गोल, राखेसारखे चट्टे? डोळ्यांभोवती, मानेवर?"

पाडीच्या मानेवर तसे चट्टे भादव्यापासून होते. मनस्वी रोज तिच्या गळ्यात पडायची, मानेवर डोकं घासायची. त्या चट्ट्यांना सगळे गोचिडांचे डाग समजत होते.

"जनावराकडून आलेली बुरशी माणसाला अशीच भडकते," बाई म्हणाल्या. "पू होतो, सूज येते. घरात आणखी कोणाला काही?"

आधी सुगंधानं मान हलवली. मग पदर सावरत, दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "मला हाय. पण ते तसलं नाय." पडद्यामागे तिनं दाखवलं. बाईंनी ट्यूबचं नाव विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला.

"ह्या ट्यूबनं लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट मोकळी पसरते. कडं पुसलं गेलं म्हणून तुम्हाला ओळखू आलं नाही." मांडीवरच्या तांबड्या, चिरल्यासारख्या रेघांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ह्या रेघा ट्यूबच्या. फिक्या होतील, पण जाणार नाहीत. मिस्टरांनाही औषध घ्यावं लागेल, नाहीतर तुमचं बरं होऊन पुन्हा येईल."

सुगंधानं मग सासऱ्यांचं सांगितलं. चिखल्या, नखं आणि तो पिठूळ हात.

"दोन्ही पाय आणि एकच हात?" बाई पटकन म्हणाल्या. "तेही हेच. पायाला झालं की आपण चिखल्या म्हणतो, अंगाला झालं की गजकर्ण, डोक्यात झालं तर खवडे नाहीतर चाई. नावं वेगळी, रूपं वेगळी, म्हणून रोग वेगळे वाटतात. पण ह्या बुरशीतही पोटजाती असतात. आजोबांची जुनी दिसते, माणसातलीच, वर्षानुवर्षांची. मुलीची तशी वाटत नाही. ही पाडीचीच असावी."

"म्हंजे त्यांच्या हातानं नाय झालं?"

"छातीठोक कोणी सांगणार नाही. पण माझं मत विचाराल तर नाही. त्यांना घेऊन या. पाणी फार पितात का ते? मग साखर बघायला हवी. साखर असलेल्या माणसाच्या बोटांतली भेग साधी नसते."

घरातला पाण्याचा हंडा हल्ली दुपारीच रिकामा होतो, हे सुगंधाला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी ती गोठ्याच्या पडवीत गेली. भागोजी पाडीला कोंडा घालत होते. तिनं डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं, पाडीचं, ट्यूबचं, पोटजातींचं. ते ऐकत होते, पण हात थांबला नव्हता.

"तुला बरं वाटावं म्हणून बोलली असेल ती," शेवटी ते म्हणाले.

"नाय बाबा, खरंच. पाडीपासनं झालं."

"मुक्या जनावरावर कशाला ढकलतेस गो? हात माझा हाय. मला दिसतोय ना."

"तुम्हाला बोलावलंय. पाय बघायचेत."

"माझे पाय काय बघायचेत? मातीतले पाय हायेत." ते उठले आणि हंड्यातलं पाणी तांब्यात ओतून घेऊन पलीकडे जाऊन बसले. तिनं नंतर कितीदा विचारलं, कधी गोडीनं, कधी चिडून. अनिलला फोनवरून बोलायला लावलं. ते "बघू" म्हणायचे आणि शेतावर निघून जायचे. तिच्या सांगण्यात दया आहे, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मनस्वीच्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या. सूज ओसरली, पू सुकला, कडेनं मऊ केस उगवले. मध्ये मात्र रुपयापेक्षा मोठी जागा गुळगुळीत राहिली. तिथं मुळंच जळाली, असं बाईंनी सांगितलं. पाडीचे चट्टे आपोआप भरून आले. सुगंधानं गोळ्या नेमानं घेतल्या, कपडे उकळून काढले, सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले. मुंबईतही अनिलनं एकदाचं औषध घेतलं. घर हळूहळू बरं होत होतं, पण भागोजी गोठ्याच्या पडवीतून आत आले नाहीत.

मनस्वी त्यांच्याकडे धावायची. ते पुढ्यातलं सूप नाहीतर टोपली मध्ये ठेवून बोलायचे. "आबा, वेणी घाला ना." "आईकडून घालून घे बाय, माझ्या बोटांत आता जोर नाय रवला." सुगंधा पाणी तापवत ऐकायची आणि चुलीत फुंकर घालायची.

शिमगा आला. नमनवाले बोलवायला आले तेव्हा भागोजींनी मृदंग पुसून त्यांच्या हवाली केला. "दुसरा बसवा कोणीतरी," म्हणाले, "माझा हात बरा नाय." लोकांना वाटलं, सांधे धरले असतील. वाडीत नमन झालं तेव्हा ते घराच्या मागच्या बाजूला बसून होते. मृदंगाची थाप ऐकू येत होती, आणि सुगंधानं पाहिलं, त्यांचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता, अगदी स्वस्थ.

लावणीच्या दिवसांत पाऊस असा धरला की चार दिवस ऊन दिसलं नाही. भागोजी रोज चिखलात उभे. संध्याकाळी त्यांनी पायाला फडकं गुंडाळलेलं असायचं. "काटा लागला," म्हणाले. एका सकाळी गाय हंबरत राहिली, पण ते धार काढायला उठले नाहीत. सुगंधा गेली तर घोंगडीखाली ते थडथड कापत होते. तिनं फडकं सोडलं. करंगळीजवळच्या बेचक्यातली भेग काळपट झाली होती, पाय नडगीपर्यंत तांबडालाल, सुजून चकचकीत, आणि एक लाल रेघ जांघेकडे चढत गेली होती.

"बाबा, कधीपासून?"

"होईल बरं," त्यांच्या दातांवर दात वाजत होते. "पोरीला हिकडं येऊ देऊ नको."

महिपतनं आणि शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. तिथून ॲम्ब्युलन्स. रत्नागिरीला पोचल्यावर कळलं, की रक्तात साखर भयंकर वाढली आहे आणि पायातलं विष अंगात चढत चाललं आहे. त्यांना मधुमेह किती वर्षांपासून होता, देव जाणे. दोन दिवसांनी पाय घोट्यावरून काढला. अनिल मुंबईहून आला तेव्हा त्यांची शुद्ध येत-जात होती.

पाय काढल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ते जरा सावध होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या कोणाला तरी बघायला वॉर्डात आल्या होत्या. सुगंधानं त्यांना ओळखलं आणि पुढे होऊन सांगितलं. बाई खाटेशी आल्या आणि त्यांनी भागोजींचा उजवा हात सरळ आपल्या हातात घेतला. भागोजींनी तो मागे ओढला.

"लागेल तुम्हाला," ते पुटपुटले.

"असं हात धरून लागत नाही लगेच," बाई म्हणाल्या. त्यांनी तळहात उघडून पाहिला, रेषांवरून अंगठा फिरवला. "आजोबा, हे तुमच्या पायावरून हातावर आलं. नखं तासताना, पाय चोळताना. नातीचं वेगळं. तिचं पाडीपासून झालं. मी ते यंत्रात पाहिलं, आणि वाढवून बघायला पाठवलं होतं, तेही तसंच आलं. सुनेला मी सांगितलं होतं."

भागोजींनी मान वळवून सुगंधाकडे पाहिलं. "म्हंजे तू खरं बोलत होतीस?"

तिनं मान डोलावली. बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. सुगंधा स्टुलावर बसली आणि मग तिनं तो हात धरला. कोरडा, तापलेला, पिठूळ.

"बाबा, तेव्हा मी जे बोलले..."

"जाऊ दे गो," ते म्हणाले. "पोर आजारी होती. आईनं बोलायचं नाय, तर कोणी बोलायचं?"

तिला रडू फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "पोरीला आण एकदा."

अनिलनं दुसऱ्या दिवशी मनस्वीला आणलं. तिनं दवाखान्याच्या वासानं नाक दाबलं, खाटेवरच्या पांघरुणात एका पावलाच्या जागी काहीच नाही हे बघितलं, आणि आबांच्या उशाशी जाऊन उभी राहिली. भागोजींनी उजवा हात उचलला. तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. ते सुगंधाकडे बघत होते. परवानगी मागत होते.

सुगंधानं पुढे होऊन तो हात स्वतःच्या हातानं खाली दाबला, पोरीच्या डोक्यावर. बोटं सवयीनं केसांत शिरली, भांग शोधू लागली आणि त्या गुळगुळीत जागेवर येऊन थबकली. बराच वेळ ती तिथंच राहिली.

"दुखतं काय?"

"नाय आबा. तिथं आता काहीच होत नाय."

दोन दिवसांनी पहाटे भागोजी गेले. विष थांबलंच नाही, असं डॉक्टर म्हणाले. बोटांतल्या एवढ्याशा चिखल्या, त्यांनी माणूस कसा जाईल, असं वाडीत जो तो विचारत राहिला. महिपत दिवसकार्यापर्यंत रोज येऊन खळ्यात बसायचा आणि उठून जायचा.

भात कापून झालं, झोडून झालं. एका दुपारी सुगंधा खळ्यात भात वाळत घालून पायानं फिरवत होती. मनस्वी पायरीवर बसली होती. तिचा भांग आता उजवीकडून पडायचा, म्हणजे डावीकडची जागा झाकली जायची. पाडी मोठी झाली होती आणि खुंट्याला बांधून कंटाळली होती.

"आई," मनस्वीनं विचारलं, "आबा गोठ्यात का झोपायचे?"

सुगंधा थांबली. उकडतं म्हणून, पाडीकडे लक्ष द्यायला म्हणून, असं काहीही सांगता आलं असतं.

"मी त्यांना वाईट बोलले होते म्हणून."

"काय बोललीस?"

तिनं सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं.

मनस्वी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसून राहिली. "पण त्यांच्या हातानं नव्हतं झालं."

"नव्हतं."

"मग तू त्यांना सांगितलं नाय?"

"सांगितलं. तेव्हा त्यांना खरं वाटलं नाय."

पोर उठली, चपला काढल्या आणि आईच्या मागोमाग भातातून पाय ओढत चालू लागली. दोघींच्या पायांनी भातात रेघा पडत गेल्या. ऊन कलेपर्यंत दोघी तशाच फिरत राहिल्या.